पावणं आणि बेणं

चहाच्या गाडीवर अजूनही कुणीतरी ओळखतं. आधी माझ्या लंगडण्याकडं बघतं, मग तोंडाकडं, आणि विचारतं, "तुमी ते स्टॉपर न्हवं?" स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभा राहून चेंडू अडवणारा. मी व्हय म्हणतो. कोल्हापुरात फुटबॉल खेळून निवृत्त झालेल्या माणसाला एवढीच पेन्शन, पण ती चहासकट मिळते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. एवढी वर्षं खेळलासा, सगळ्यात भारी दिवस कंचा? विचारणाऱ्याला वाटतं, आता हा एखादा गोल सांगणार, नाहीतर डोक्याला टाके पडल्यावर पट्टी बांधून कसा खेळला ते सांगणार. मी खरं तेच सांगतो. भरल्या स्टेडियममध्ये एका बाईनं मला शिवी हासडली, तो दिवस. माणूस हसतो आणि चहाचे पैसे देऊन निघून जातो. त्याला वाटतं मी चेष्टा केली. मी आयुष्यात चेष्टा फार कमी केली आहे. रागीट माणसाला ती जमत नाही. म्हणून एकदा ते सगळं नीट लिहून काढतो.

मी मूळचा शिरोळ तालुक्यातला. कृष्णेच्या काठचं गाव, जिकडं बघाल तिकडं ऊस. शाळेत एक फुटबॉल होता आणि आम्ही तो नदीकाठच्या मळीच्या रानात खेळायचो. पूर ओसरल्यावर तिथं पिंढरीभर चिखल असायचा. त्या चिखलातनं चेंडू बाहेर काढायचा म्हणजे लाथ जोरातच मारायला लागायची. माझ्या पायात जो काही दम आला तो तिथला. वडिलांना हा खेळ म्हणजे रिकामटेकडेपणा वाटायचा. ते म्हणायचे, "लाथाच माराय‌च्या तर ढेकळांना मार, रान तरी मऊ हुईल."

वडिलांचा जीव एका गोष्टीवर होता, ती म्हणजे बेणं. बेणं म्हणजे लागणीसाठी तोडलेली उसाची कांडी. लागणीच्या आधी महिनाभर ते बेणं बघत गावोगाव हिंडायचे. घरच्या उसाचं बेणं घरच्या रानात त्यांनी कधी लावलं नाही. त्यांचं म्हणणं, तसं केलं की ऊस बारीक पडतो. एकदा कुरुंदवाडच्या पलीकडं एका पाहुण्याच्या रानातलं बेणं त्यांच्या मनात भरलं, तर ते आणायला मला ट्रॉलीत बसवून नेलं होतं. दिवसभर आम्ही मोळ्या भरल्या. परत येताना ते एकेका कांडीचा डोळा अंगठ्यानं चाचपून बघत होते. बेणं कुठल्याही गावचं असो, सरीत पुरलं आणि उगवून आलं की वडील त्याला आमचा ऊस म्हणायचे.

दहावीनंतर मी टर्नरचा कोर्स करायला कोल्हापुरात आयटीआयला आलो आणि एका पेठेत खोली घेऊन राहिलो. कोल्हापुरात फुटबॉलचा संघ तालमीचा असतो. खाली कुस्तीचा हौदा, वर कपाटात फुटबॉलचे कप, आणि अख्खी पेठ त्या संघाच्या मागं. पेठेतलं लहान मूल आईच्या आधी गोलकीपरला ओळखतं. मी एके दिवशी त्या पेठेच्या संघाचा सराव बघत मैदानाच्या कडंला उभा होतो. एक चेंडू माझ्याकडं आला, मी तो मारला, तो पलीकडच्या कुंपणावरनं रस्त्यावर गेला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांचा गोलकीपर पुढं आला. तोच कॅप्टन होता.

"पावणं कुठलं?" त्यानं विचारलं.

"शिरोळकडचं."

"खेळणार काय?"

त्या दिवशी मी संघात आलो, आणि त्याच दिवशी माझं नाव पावणं पडलं. अनोळखी माणसाला पावणं म्हणायची आमच्याकडं रीतच आहे, त्यात वावगं काही नाही. मला वाटलं, आठ दिवसांत ओळख झाली की जाईल. ते चार वर्षं गेलं नाही.

कॅप्टनची आई खानावळ चालवायची. सगळी पेठ तिला मावशी म्हणायची, मीही म्हणायला लागलो. तालमीची निम्मी पोरं तिथंच जेवायची. मावशीचा हात सढळ आणि तोंड त्याहून सढळ. पोरगा ताटावर उशिरा आला की ती म्हणायची, "आलास व्हय बेण्या, तुज्या बाचं हाटेल हाय काय हे?" मी चमकून वर बघितलं होतं. आमच्याकडं बेणं रानात लावतात, इथं ते माणसाला लावतात हे मला तेव्हा कळलं. बेणं म्हणजे इरसाल, बारा गावचं पाणी प्यालेला, आणि तरी आपला. मावशीच्या तोंडात तो शब्द दिवसातनं पन्नास वेळा यायचा. पोराला बेण्या, पोराच्या दोस्तांना बेण्या, दूध उशिरा आणणाऱ्यालाही बेण्या. आणि माझ्याजवळ आली की आवाज खाली. "पावणं, आणखी एक भाकरी घ्या की. लाजू नगासा."

सुरुवातीला बरं वाटायचं. मलाच पहिलं ताट, माझ्याच वाटीत रश्श्यावरची तर्री जास्त. मग हळूहळू ते मला टोचायला लागलं. सरावाला दोन मिनिटं उशिरा येणाऱ्याला कॅप्टन मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावायचा. मी एकदा मुद्दाम अर्धा तास उशिरा गेलो. तो म्हणाला, "आलासा व्हय पावणं? बसा, जरा दम खावा." मी त्या दिवशी इतका चिडलो की आपण होऊन पंचवीस फेऱ्या मारल्या. पाहुण्याची हौस म्हणून सगळे बघत राहिले.

मॅचमध्येही तेच. आमच्या गॅलरीची जीभ सगळ्या शहराला माहीत आहे. आपल्याच फॉरवर्डनं मोकळा गोल घालवला तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी व्हायची. आणि माझ्या हातनं चूक झाली की वरनं समजुतीचा आवाज यायचा, "असू दे, असू दे पावणं." पेनल्टी मला कधी मारू दिली नाही. संघात माझ्याइतकी जोराची किक कुणाची नव्हती, तरी नाही. मी एकदा विचारलं, तर कॅप्टन म्हणाला, "चुकली तर लोक बोलत्यात. पावण्याला कशाला तरास?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो मला जपत होता, आणि मला नेमकं तेच नको होतं.

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, अशी म्हण आहे. त्या हिशेबानं माझी अक्कल जाऊन जमाना झाला होता. आयटीआय संपलं, एका वर्कशॉपमध्ये कामाला लागलो, तरी पेठेत मी पावणंच. गणपतीत मी मांडवाचे वासे खांद्यावरनं वाहिले, तर मावशीनं सगळ्यांसमोर कॅप्टनला झापलं, "लाज न्हाय तुमाला, पावण्याकडनं कामं करून घेतासा?" दुसऱ्या वर्षी मला वाशांना कुणी हातच लावू दिला नाही.

चौथ्या वर्षी आम्ही मोठ्या स्पर्धेच्या फायनलला गेलो. समोर शेजारच्या पेठेचा संघ. एका नळाचं पाणी पिणारी माणसं, पण हंगामात एकमेकांच्या लग्नालासुद्धा जपून जातात. फायनलच्या आठवड्यात तिसऱ्याच एका तालमीचा माणूस वर्कशॉपच्या दारात येऊन मला भेटला. पुढच्या हंगामात आमच्याकडून खेळा म्हणाला. मी हात पुसत राहिलो तसा तो म्हणाला, "तिथं तुम्हाला परक्यासारखं वागवत्यात म्हणं. आमच्याकडं तसलं काय न्हाय. विचार करा पावणं." त्यानंही मला पावणंच म्हटलं होतं, पण ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. सोमवारी सांगतो म्हणालो. फायनल रविवारी होती.

मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हा कप जिंकून द्यायचा, सगळ्यांच्या पाया पडायचं आणि निघायचं. चार वर्षं कुणाच्या घरात पाटावर बसून जेवलो म्हणून ते घर आपलं होत नाही. खरं सांगायचं तर मला तिथनं हलायचं नव्हतं. रविवारी दुपारी बूट बांधताना मी नाडी इतकी ओढली की ती तुटली, आणि मी तो राग आहे असं समजत होतो.

फायनलच्या दिवशी मावशी खानावळ बंद ठेवायची. वर्षातनं तेवढा एकच दिवस. आमच्या गॅलरीत पुढच्या कठड्याला धरून ती आणि पेठेतल्या चार-पाच बायका. दुपारी चारला मॅच सुरू झाली. हलगी कडाडत होती. पहिल्या हाफमध्ये आम्ही एक गोल केला आणि मग दोन्हीकडची माणसं नुसती एकमेकांवर आदळत राहिली. मी त्या दिवशी चांगला खेळत होतो. त्यांचा सगळ्यात चपळ फॉरवर्ड माझ्या पुढं एकदासुद्धा गेला नाही.

शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असतील. एक उंच चेंडू आमच्या डीच्या तोंडाशी टप्पा खात आला. मी त्याच्या खाली होतो. मागनं कॅप्टन ओरडला, "पावणं, सोडा!"

मी चेंडू सोडला. सोडा म्हणजे मला घेऊ द्या, असं मी समजलो. त्याला म्हणायचं होतं, पुढं सोडा, लांब मारा. तो पुढं येताना पाय घसरून गुडघ्यावर बसला होता, हे मला पाठीमागं दिसायचं कारण नव्हतं. चेंडू माझ्या आणि त्याच्या मधनं निवांत टप्पे खात गेला. तो चपळ फॉरवर्ड आला आणि त्यानं नुसता पाय लावला. दुसरा कुणी माझ्या जागी असता तर कॅप्टन "हाण बेण्या" म्हणाला असता आणि प्रश्न मिटला असता. पण पाहुण्याला हाण कसं म्हणायचं? चार वर्षांच्या आदरानं आम्हाला तो गोल खायला घातला.

समोरच्या गॅलरीत नुसता कल्लोळ. आमच्या गॅलरीत हलगी थांबली, माणसं गप्प. मी वर बघितलं. आता 'असू दे पावणं' येणार, याची मला एवढी खात्री होती की मी दात आवळून उभा राहिलो. ते ऐकलं असतं तर मी तिथंच बूट काढून ठेवले असते, हे अगदी खरं सांगतो.

आणि त्या शांततेत मावशीचा आवाज आला. तीस ताटांवरनं शेवटच्या पोराला हाक मारून मारून तयार झालेला तो आवाज.

"आरं ए बेण्या! चार वरसं माज्या भाकरी खाऊन पाय सुजलं व्हय रं तुजं? कुणाची वाट बघालतास? हाणायचा की त्यो भाईर!"

मग गॅलरीचा बांधच फुटला. चार वर्षं माझ्यासाठी साठवून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. कुणी माझ्या पायांना, कुणी माझ्या डोळ्यांना, कुणी मला संघात घेणाऱ्याला, आणि एकानं तर थेट शिरोळ तालुक्याच्या पाण्यालाच नावं ठेवली. मी कमरेवर हात ठेवून ऐकत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं आणि मी हसत होतो. कॅप्टन मातीनं भरलेला उठला, माझ्याजवळ आला, माझ्या दंडाला धरून मला हलवलं.

"हसालाईस काय बेण्या? गोल खाल्लाय आपण!"

आपण, म्हणाला.

उरलेली मिनिटं मी कशी खेळलो ते मला आठवत नाही. बघणारे सांगतात की माझ्या अंगात आलं होतं. वेळ संपली, बरोबरी राहिली, टायब्रेकर आला. प्रत्येकी पाच किका. कॅप्टननं चार नावं सांगितली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "पाचवी तू मार." मी तयार आहे का, असं त्यानं विचारलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला काम सांगितलं होतं.

पहिली पाळी त्यांची. त्यांच्या चार जाळीत गेल्या, आमच्याही चार गेल्या. त्यांची पाचवी मारायला तोच चपळ फॉरवर्ड आला. कॅप्टननं उजवीकडं झेप घेतली आणि चेंडू मुठीनं बाहेर काढला. आता माझी गेली की कप आमचा.

मी चेंडू ठेवला. सगळं स्टेडियम गप्प होतं, फक्त आमची गॅलरी सोडून. ती मला धमक्या देत होती. त्यात मावशीचा आवाज वेगळा ऐकू येत होता. "चुकलास तर ताट न्हाय बग तुला!" मी चार पावलं मागं गेलो. मळीतल्या चिखलातनं चेंडू काढायला मारायचो तशी, काही न बघता, जीव खाऊन लाथ घातली. गोलकीपर हललाच नाही. जाळीत चेंडू लागल्याचा आवाज आला आणि पुढचं मला दिसेना, कारण दहाच्या दहा बेणी माझ्या अंगावर पडली होती.

गुलाल इतका उडाला की मिरवणूक पेठेत पोहोचेपर्यंत आमचे दात तेवढे पांढरे राहिले होते. मला खांद्यावर घेतलं, आणि तालमीच्या दारात ओझं टाकावं तसं खाली टाकलं. मला लागलं. कुणी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खानावळीत जाऊन नेहमीच्या जागेवर बसलो. पहिलं ताट शेजाऱ्याला गेलं, दुसरं त्याच्या शेजाऱ्याला. मी वाट बघत बसलो तशी मावशी चुलीपासनंच म्हणाली, "हात न्हाईत व्हय तुला? ऊठ, ताट घे आन् वाढून घे. आन् येताना त्यास्नी पाणी आण." मी उठलो, ताट घेतलं, सगळ्यांना पाणी दिलं. त्या तिसऱ्या तालमीच्या माणसाला संध्याकाळी सांगितलं की जमायचं नाही. त्यानं कारण विचारलं. मी म्हणालो, "घरात शिव्या बसतील."

रात्री गावाकडं फोन केला. कप जिंकल्याचं वडिलांना सांगितलं, त्यांनी हुं केलं. पेनल्टी मी मारली म्हटलं, परत हुं केलं. मग मावशीनं काय म्हटलं ते सांगितलं.

"काय म्हनली?"

"बेण्या म्हणाली."

त्यांनी तो शब्द माझ्याकडनं परत एकदा म्हणवून घेतला.

"मग रुजलास की," वडील म्हणाले. आणि पाण्याची मोटार चालू करायची आहे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर मी अकरा वर्षं खेळलो. नाक दोनदा मोडलं. तोच कप आणखी तीनदा जिंकला, दोनदा हरलो आणि हरलेल्या दोन्ही वेळा पेठेतनं तोंड लपवून फिरलो. पेनल्टी म्हटलं की मीच. कॅप्टन रिटायर झाल्यावर दंडावरची पट्टी माझ्याकडं आली. लग्न झालं, कसबा बावड्यात घर बांधलं. बायकोला पहिल्यांदा खानावळीत नेलं तेव्हा मावशी तिला म्हणाली, "बसा की पावणं," आणि मला म्हणाली, "तू काय बघालाईस, पाट दे तिला." बायको घाबरली होती. तिला पुढं सहा महिन्यांत बढती मिळाली. मला चार वर्षं लागली होती, याचं मला अजून थोडं वाईट वाटतं.

शेवटी गुडघ्यानं नकार दिला. डॉक्टरांनी आणखी खेळलात तर काठी घेऊन चालाल असं सांगितलं, आणि मी थांबलो. पेठेनं गेल्या हंगामात फायनलच्या मध्यंतरात माझा सत्कार ठेवला. मैदानाच्या कडेला मांडव, लाल गालिचा, वर एक मोठी खुर्ची. मला कोल्हापुरी फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. जुना कॅप्टन आता तालमीचा अध्यक्ष आहे. त्यानं खिशातनं कागद काढला आणि वाचायला लागला. "माननीय सत्कारमूर्ती, आपण आमच्या पेठेसाठी जे योगदान दिलंत, त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत."

आपण. आमची पेठ. आपले आभारी. फेट्याखाली माझं डोकं गार पडलं. खेळ संपला आणि मी परत पाहुणा झालो, असं मला वाटलं. तो वाचत होता, लोक अदबीनं ऐकत होते, टाळ्यासुद्धा बेतानं वाजत होत्या. पंधरा वर्षं मी जे कमावलं ते हा माणूस कागदावरनं एकेक ओळ वाचून काढून घेत होता, आणि मला तिथं उभं राहून हसायचं होतं.

पहिल्या रांगेत मावशी बसली होती. आता तिला नीट दिसत नाही, खानावळ सुनेनं घेतली आहे. पण तिचा आवाज तसाच आहे.

"बास की रं त्ये आता," ती पोराला म्हणाली. "कवाधरनं उभं केलायसा त्या बेण्याला. गुडघा दुखालाय त्याचा."

आधी खुसखुस झाली, मग सगळी गॅलरी हसली, आणि मग ती खरी सुरू झाली. कुणीतरी त्या पहिल्या फायनलमध्ये मी खाल्लेल्या गोलाची आठवण काढली. हलगी वाजली. अध्यक्षानं कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "खाली बस की बेण्या."

मी खुर्ची मागं सारली, फेट्यासकट गालिच्यावरनं खाली उतरलो आणि गवतावर संघाच्या पोरांच्यात जाऊन, दुखरा पाय लांब करून बसलो.